क्राऊन-पिनियनसाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आपला टॉवेलचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी आपण 5 लिटर व्ही-8 इंजिनाची, सहा गिअरची ऑटोमॅटिक फोर्ड मस्टँग जीटी सेकंड-हँड घेतली असून ती आता 62,000 किलोमीटर चालली आहे. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यासाठी त्याला ताकद देणारा दांडा किती फेरे घेतो ते) 3.55 आहे, ते क्राऊन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी बदलून 3.73 किंवा 4.10 करावे, म्हणजे गाडी जागेवरून अधिक झटक्यात उचलेल, असा आपला विचार आहे. पुण्यातील वर्कशॉपने 2,40,000 रुपयांचा अंदाज दिला आहे आणि त्यासाठी 4 लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारता. शिवाय डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या, हीच जोडी असलेल्या पेटीत) कोणते ऑइल घालावे, हाही प्रश्न आहे.

हे दोन खर्च आपण एकत्रच धरले आहेत, पण ते वेगळे करायला हवेत. ऑइल ही देखभाल आहे आणि क्राऊन-पिनियन ही हौस आहे. देखभालीला उशीर करू नये आणि हौसेसाठी ठेव मोडू नये, असे माझे मत आहे.

आधी हौसेचे गणित पाहू. क्राऊनचे, म्हणजे मोठ्या चक्राचे, 41 दात आणि पिनियनचे, म्हणजे छोट्या चक्राचे, 11 दात असले की गुणोत्तर 3.73 येते, पिनियनचे दात 10 केले की 4.10 येते. 3.55 वरून 3.73 वर गेल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो, तर 4.10 वर गेल्यास साडेपंधरा टक्क्यांनी. पाच टक्क्यांचा फरक कागदावर दिसतो, पण आसनावर बसलेल्या माणसाला तो क्वचितच जाणवतो. आणि मजुरी मात्र दोन्ही पर्यायांना सारखीच लागते. म्हणून ज्याला खरोखरच बदल हवा आहे त्याने 3.73 साठी अ‍ॅक्सल उघडणे हा मला सर्वांत महाग सौदा वाटतो. उरला 4.10 चा पर्याय. आपल्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर मुळातच 4.17 चा आहे, म्हणजे 3.55 सोबत तो इंजिनाचा टॉर्क सुमारे 14.8 पट करतो, 4.10 सोबत तो 17 पटीच्या पुढे जाईल. ड्रॅग शर्यतीच्या धावपट्टीवर, चिकट टायरांवर, याचा उपयोग होतो. आसरा चौकातल्या सिग्नलवर मात्र यातला बराचसा टॉर्क टायर जाळण्यात जाईल, किंवा ट्रॅक्शन कंट्रोल ही चाक घसरू न देणारी यंत्रणा तो कापून टाकेल.

महामार्गाचेही पाहू. आपण महिन्यातून दोनदा पुण्याला जाता, म्हणजे या गाडीच्या धावेचा मोठा हिस्सा राष्ट्रीय महामार्ग 65 वर होतो. सहाव्या गिअरचे 0.69 हे गुणोत्तर आणि सुमारे 70 सेंटिमीटर व्यासाचे मागचे चाक धरले, तर ताशी 100 किलोमीटरला इंजिन आज मिनिटाला साधारण 1,850 फेरे घेते. 3.73 केल्यास ते 1,950 च्या आसपास आणि 4.10 केल्यास 2,150 च्या आसपास जाईल. ही गाडी त्याने त्रासणार नाही, परंतु मोहोळपासून यवतपर्यंत प्रत्येक फेरीत थोडे अधिक पेट्रोल जळत राहील आणि हा खर्च अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

अंदाजपत्रकातले आकडे मला बारकाईने पाहावेसे वाटले. सुटे भाग, बेअरिंग, सील, परदेशातून आणण्याचा खर्च आणि सीमाशुल्क मिळून 1,35,000; मजुरी 70,000; गाडी सोलापुरातून फ्लॅटबेडवर (गाडी लादून नेणाऱ्या ट्रकवर) नेण्याचे 20,000; आणि गुणोत्तर बदलल्यावर स्पीडोमीटर चुकतो म्हणून संगणकात नवी नोंद करण्याचे 15,000. मजुरी जास्त वाटेल, पण यात घासाघीस करू नये. पिनियन किती खोल बसला, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) किती जाडीची लागली, दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दशांशात किती ठेवली आणि रंग लावून दातांवर उमटलेला ठसा कसा आला, यावर सगळे अवलंबून असते. बसवणी चुकली तर गाडी ठराविक वेगाला कण्हल्यासारखा आवाज करते आणि पुन्हा सगळे उघडावे लागते. तेव्हा स्वस्तात झालेले काम दुप्पट किमतीला पडते. फोर्डने 2021 मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. शिवाय ही गाडी येथे बाहेरूनच येत असे, त्यामुळे चुकीची जोडी आल्यास बदलून मिळायला लागणारा वेळही हिशेबात धरावा.

आणखी एक अडचण आहे. नव्या क्राऊन-पिनियनला सुरुवातीला 25-30 किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे लागते आणि असे काही वेळा करावे लागते. पुण्यात काम करून त्याच दिवशी अडीचशे किलोमीटर एका दमात घरी येणे हे नेमके याच्या उलट आहे. म्हणजे एक तर पुण्यात मुक्काम, नाही तर परतीसाठी पुन्हा फ्लॅटबेड. त्यानंतर सुमारे 800 किलोमीटरला ऑइल पुन्हा बदलायचे. वर्कशॉपच्या अंदाजात यातले काही धरलेले नाही.

आता आपल्या घराची बाजू. घरखर्च 85,000 आणि गृहकर्जाचा हप्ता 38,000, म्हणजे महिन्याला 1,23,000 रुपये लागतातच. ठेवीचे 4 लाख आणि बचत खात्यातील दीड लाख मिळून आज आपल्याकडे साडेचार महिन्यांची सोय आहे. गिअर बदलल्यावर ती अडीच महिन्यांवर येईल. नोकरदाराला मी कदाचित एवढे ताणले नसते, पण आपणच लिहिता की व्यापाऱ्यांकडून पैसे यायला नव्वद दिवस लागतात. नव्वद दिवसांची उधारी देणाऱ्याने पंच्याहत्तर दिवसांच्या शिलकीवर घर चालवणे मला धोक्याचे वाटते. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास जितके दिवस ती राहिली त्या मुदतीचा व्याजदर मिळतो आणि बहुधा त्यातूनही दंड कापला जातो. परंतु ती रक्कम किरकोळ आहे, खरे नुकसान शिल्लक घटण्याचे आहे. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट काढण्याचा आपला पर्याय म्हणजे हौसेसाठी कर्जच होय, म्हणून तोही नको.

हौस कायमची सोडा, असे मी म्हणत नाही. दरमहा 12,000 रुपयांचे आवर्ती खाते उघडले तर वीस महिन्यांत हीच रक्कम जमते, वर व्याजही मिळते. मात्र त्या खात्यावर पहिला हक्क मागच्या टायरांचा राहील. ते 'पाच वर्षांचे झाले आहेत, पण नक्षी चांगली आहे' असे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. सोलापूरच्या उन्हात पाच वर्षे काढलेले रबर कडक होते, नक्षी कितीही दिसो. टायराच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. ते एकदा स्वतः पाहावे. तसेच पुढेमागे गिअर बदलायचे ठरलेच, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे, कारण न कळवलेल्या बदलावरून दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो.

ऑइल मात्र याच महिन्यात बदलावे. आधीच्या मालकाच्या नोंदींत ते बदलल्याचा उल्लेख नाही, हे आपणच सांगितले आहे. आपल्या जवळच्या गॅरेजवाल्यांनी 'आपल्याकडे ऊन फार, 140 नंबर घाला' असे सुचवले, तर पुस्तिकेत 75डब्ल्यू-85 सिंथेटिक लिहिले आहे. पुस्तिकेचेच ऐकावे. दुसरा आकडा 100 अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते ते सांगतो, आणि डिफरन्शियलच्या आतले तापमान बाहेरच्या 42 अंशांपेक्षा दातांवरच्या भारावर अधिक ठरते. रोजच्या वापरात गरजेपेक्षा दाट ऑइल केवळ ताकद खाते. डब्यावर जीएल-5 ही गिअर ऑइलची प्रत लिहिलेली असणे आवश्यक आहे, कारण या प्रकारच्या गिअरमध्ये दात एकमेकांवर सरकत दाबले जातात आणि जीएल-4 मधील दाबरोधक द्रव्ये तिथे पुरत नाहीत. आपल्या गाडीत क्लच-पट्ट्यांचे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसते गरगरू न देणारे) आहे, म्हणून ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (पट्ट्यांचे घर्षण नीट राखणारे द्रव्य) आधीच मिसळलेला आहे का, ते पाहावे. नसल्यास वेगळा घ्यावा, नाही तर गाडी वळवताना मागून थरथर जाणवेल. यासाठी आपल्याला मिळालेला 9,000 रुपयांचा अंदाज चालू उत्पन्नातून भागतो.

जुने ऑइल काढताना आपण स्वतः उभे राहावे आणि ते स्वच्छ भांड्यात घ्यायला सांगावे. बारीक, करड्या रंगाची पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज आहे. धातूचे कण चिमटीत धरण्याइतके मोठे असले किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर त्याचे छायाचित्र घेऊन मला पुन्हा लिहावे. कारण त्या स्थितीत अ‍ॅक्सल उघडावाच लागेल, मजुरी आणि बेअरिंग यांचा खर्च दुरुस्तीच्या खात्यावर जाईल, आणि 3.55 ऐवजी दुसरे गुणोत्तर निवडण्याची किंमत केवळ दोन जोड्यांच्या दरातील फरक आणि स्पीडोमीटरची नोंद एवढीच उरेल; तेव्हा माझे उत्तर वेगळे असू शकेल.