कुत्रा शेपटी हलवत होता, तरी गुरगुरला कसा?

तुमचा दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर पाहुण्यांच्या मुलीसमोर शेपटी हलवत उभा होता, तिनं गळ्यात हात टाकला आणि आधी कधीच न गुरगुरणारा तो गुरगुरला. आता घरचे म्हणतायत, याचा भरवसा नाही, कुणाला तरी देऊन टाका. काय करावं, असं तुम्ही विचारलंत.

देऊ नका. तो गुरगुरला, चावला नाही, हे आधी घरच्यांना समजावा. आणि गुरगुरल्याबद्दल त्याला रागावत असाल तर आजच थांबा, कारण ती चूक मी करून बसलोय.

आमचा शेंग्या गावठी. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात घराचं काम चालू होतं तेव्हा वाळूच्या ढिगावर सापडला, रंग भुईमुगाच्या टरफलाचा, म्हणून शेंग्या. भाचा सुट्टीला आला की त्याच्या अंगावर लोळायचा. शेंग्या गुरगुरला की मी पेपरची गुंडाळी घेऊन धावायचो. महिनाभरात गुरगुरणं बंद झालं. मला वाटलं, शहाणा झाला! पुढच्या दिवाळीत भाच्यानं मिठी मारली आणि यानं चकार आवाज न करता त्याचं मनगट धरलं. नळाखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुणं, रेबीजची इंजेक्शनं, बहिणीचा अबोला, सगळं झालं. गुरगुरणं म्हणजे घरातली धोक्याची घंटा, ती मीच काढून फेकली होती, चोराला काय बोल लावायचा?

तेव्हापासून मी शेपटीकडे शेवटी बघतो. शेपटी हलते म्हणजे कुत्रा उत्तेजित झालाय, एवढंच. आनंदानं की ताणानं, ते बाकीचं अंग सांगतं. खुशीत असला की कंबरेपासून सगळं शरीर डुलतं, तोंड सैल, जीभ बाहेर. शेपटी वर ताठ, फक्त टोक थरथरतंय, तोंड घट्ट मिटलंय आणि अंग लाकडासारखं, तर तिथं लहान मूल नको. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 पाळीव कुत्र्यांवर पाहिलं होतं की मालक दिसला की शेपटी त्यांच्या उजव्या बाजूला जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या. गंमतशीर आहे, पण मला उघड्या डोळ्यांनी ते कधी जमलं नाही.

मिठीच्या वेळचा फोटो कुणी काढला असेल तर तो मोठा करून बघा. तोंड दुसरीकडे वळवलेलं, पण डोळे मुलीवर, त्यामुळे बुबुळाशेजारी पांढरी कोर दिसतेय का? समोर खायला काही नसताना नाक चाटतोय, झोप आलेली नसताना जांभई देतोय? तो तेव्हापासूनच “बास की आता” म्हणत होता. आपल्याला मिठी म्हणजे माया. बहुतेक कुत्र्यांना गळ्याभोवती हात म्हणजे अडकल्यासारखं होतं.

एकच खूण पकडून बसू नका, वेळ-काळ बघा. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, शेंग्या दिवसभर धापा टाकतो. त्यात काही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो श्वासावाटे थंड होतो. पण सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, जानेवारीच्या गारठ्यात, दारूकामाचे आवाज ऐकू आले की तो पलंगाखाली शिरून तशाच धापा टाकतो. शहाबादी फरशीवर त्याच्या पंजांचे ओले ठसे उमटतात, कारण पंज्यांना घाम सुटतो. ती भीती. तेव्हा मी त्याला ओढून बाहेर काढत नाही, पलंगावरून सोलापुरी चादर खाली सोडतो आणि शेजारी बसतो.

मुलीला एक युक्ती शिकवा. डोक्यावरून हात न नेता छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो पुढे सरकला तर आणखी, जागेवरच राहिला किंवा तोंड फिरवलं तर खेळ संपला. भाचा आता हे माझ्यापेक्षा चांगलं करतो. पण लहान मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडू नका, कितीही गुणी असला तरी.

आणि हो, आधी कधीच गुरगुरत नव्हता म्हणालात ना? लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आत ओल राहून संसर्ग होतो, आणि गळ्यात हात टाकला की कान दाबला जातो. कान उचलून वास घ्या. आंबूस येत असेल किंवा तो सारखा डोकं झटकत असेल तर उद्याच डॉक्टरांकडे न्या.