'लोकशाही जर्मनी' नेमका कोणता?

प्रश्न असा आला आहे : 'पश्चिम जर्मनी लोकशाही आणि पूर्व जर्मनी साम्यवादी होता' हे वाक्य बरोबर आहे का? आणि असेल, तर पूर्वेच्याच अधिकृत नावात 'लोकशाही' कशी?

आधी व्याकरण. 'साम्यवादी' विशेषण आहे, 'लोकशाही' मुळात नाम. 'लोकशाही मार्ग', 'लोकशाही गणराज्य' असं नामाआधी ते विशेषणासारखं चालतं, पण 'देश लोकशाही होता' हे कानाला खटकतं. 'पश्चिमेत लोकशाही होती' म्हणावं.

पण खरी अडचण जोडीची आहे. 'वाद' म्हणजे विचारसरणी, 'शाही' म्हणजे सत्ता. साम्यवादासमोर भांडवलशाही उभी राहते (तिथेही आपण 'शाही'च म्हणतो, हे लक्षात घ्या), तर लोकशाहीसमोर हुकूमशाही किंवा एकपक्षशाही. साम्यवादी पक्ष मतपेटीतूनही सत्तेवर येतो. केरळात 1957 साली आलाच होता. म्हणून मी तरी 'पूर्वेत साम्यवादी एकपक्षशाही होती' असंच लिहीन.

आता नाव. 7 ऑक्टोबर 1949 रोजी सोव्हिएत ताब्यातल्या भागात 'जर्मन लोकशाही प्रजासत्ताक' स्थापन झालं. पश्चिमेचं 'संघीय प्रजासत्ताक' त्याच वर्षी मे महिन्यात झालं होतं. साम्यवाद्यांच्या मते पश्चिमेतली लोकशाही भांडवलदारांची, खरी लोकशाही कष्टकऱ्यांची. नाव त्या दाव्यातून आलं. व्यवहारात मात्र मतपत्रिकेवर आधीच ठरलेली एकच यादी असे. मतदार ती दुमडून पेटीत टाकत; 'मतदानाला जातो' ऐवजी 'कागद दुमडायला जातो' म्हणत. त्या राजवटीवरचं इतकं नेमकं भाष्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही. पश्चिमेतल्या काही वृत्तपत्रांनी तर त्या राज्याच्या नावाचं लघुरूप वर्षानुवर्षं अवतरणचिन्हांत छापलं.

नावातल्या 'लोकां'नी हिशेब मागितला तो 1989 मध्ये. 9 ऑक्टोबरला लायप्झिगमध्ये सुमारे 70 हजार माणसं रस्त्यावर उतरली. घोषणा होती, 'वीर झिंट दास फोल्क', म्हणजे 'लोक म्हणजे आम्ही'. बर्लिनची भिंत पडल्यावर त्यातलं 'दास' जाऊन 'आइन', म्हणजे 'एक', आलं. 'फोल्क'मध्ये 'लोक' आणि 'राष्ट्र' दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे जर्मनांना एवढा एकच शब्द बदलून भागलं. मराठीत पहिल्या घोषणेला 'लोक' लागतो. दुसरीला 'आपण एक राष्ट्र' असंच म्हणावं लागतं.