वाढायची ताटं

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत 11 वर्षं आहोत. गणपतीला 20-22 माणसं जेवायला असतात. मैत्रिणींकडे सगळी ताटं एकसारखी, पांढरी. आमच्याकडे आईने दिलेली चार स्टीलची ताटं, सेलमध्ये घेतलेल्या सहा रंगांच्या सहा प्लेटा आणि बाकीच्यांना कागदी. गेल्या वर्षी एक पाहुणी हसत म्हणाली, "अजून संसार मांडायचाच आहे वाटतं!" फार लागलं. यंदा 24 जणांचा सेट घेऊन टाकू का?

उत्तर: 24 चा नको.

आधी त्या पाहुणीचं बघू. एकसारखा सेट दिसला, तर कुणीतरी एका शनिवारी दुकानात जाऊन आलं एवढंच कळतं. आपल्या आयांच्या मांडणीवर सेट होता कुठे? थोडं रुखवतातलं, थोडं मुंजीत आलेलं, संक्रांतीच्या वाणाच्या वाट्या, आणि जुन्या साड्यांवर तासभर घासाघीस करून बोहारणीकडून घेतलेलं पातेलं. माझ्याकडे एक वाटी आहे, तिच्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव आमच्या जुन्या शेजारणीचं आहे. खीर घालून आली होती. रिकामी कशी परत द्यायची, म्हणून राहिली, ती राहिलीच. आमची एखादी तिच्याकडे असणार.

तेव्हा विजोड भांड्यांची लाज नको. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. स्टीलची ताटं कुणाला मिळाली आणि कागदी कुणाला? माझा अंदाज: वडीलधाऱ्यांना स्टील, मित्रमंडळींना रंगीत, आणि कागदी शिकायला आलेल्या पोरांना, शेवटी तुम्हाला. याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. केळीचं पान असो की पत्रावळ, पंगतीत सगळ्यांना एकच, ते यासाठीच. त्या दिवशी सगळ्यांना कागदी दिली असतीत तरी चाललं असतं.

घ्यायचीच असतील तर 12 ताटं घ्या आणि दोन पंगती बसवा. साधी पांढरी, सुटी मिळणारी. नक्षीचं एक फुटलं की जोडीचं मिळत नाही, कारण ती नक्षी तोवर बंद झालेली असते. कोरेल या ब्रँडची ताटं आपल्या लोकांत घरोघरी दिसतात, आणि उगाच नाही. 1970 साली अमेरिकेत आली, काचेच्या तीन थरांची, हलकी, आणि डझनभर ताटं रचली तरी कपाटात जागा उरते. मात्र अशी चपटी ताटं वरण-आमटीची नव्हेत. काठ नसल्यासारखाच, आमटी थेट कोशिंबिरीत. म्हणून ताटांच्या दुप्पट वाट्या हव्यात, एक आमटीला, एक खिरीला. त्या भारतातून आणा. एकात एक बसतात, 23 किलोच्या बॅगेत कोपऱ्यात मावतात. फक्त स्टीलची वाटी मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाही, हे पाहुण्या पोरांना आधीच सांगून ठेवा.

आईची चार ताटं माळ्यावर टाकू नका. एक नैवेद्याला ठेवा, बाकीची रोजच्या जेवणाला. आणि मुलांना त्यावरचं नाव वाचायला लावा. 'सप्रेम भेट'मधलं जोडाक्षर टिंबांमध्ये शोधायला दहा मिनिटं सहज जातात.