वाजवणाऱ्याचं नाव घे

बाळा,

मेल वाचला. आपल्या रेडिओ स्टेशनवरच्या शनिवारच्या सोल (अमेरिकेतल्या काळ्यांचं संगीत) कार्यक्रमाचा इतिहास लिहायला घेतलास आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. ‘गाणी आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत, मग इतकी वर्षं आपण नेमकं काय केलं?’ असं विचारतोयस.

आपण नावं घेतली. म्हणजे, घ्यायला हवी होती.

नव्वदीत मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नवा होतो. शनिवारी सकाळी रेडिओवर ९४.१ लावायचो, बर्कलीचं केपीएफए स्टेशन. १९४९ पासून श्रोत्यांच्या पैशावर चाललेलं, जाहिराती नाहीत. तिथे कार्यक्रम करायला संगीतकार जॉनी ओटिस असायचा. ग्रीक वाण्याचा पोरगा, काळ्यांच्या वस्तीत वाढलेला, गायिका एटा जेम्सला पुढे आणणारा. गाण्यांमागची माणसं त्याच्या ओळखीपाळखीची, आणि बोलायचाही तसंच, शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं. मला विविध भारती आठवायची: गायक, गीतकार, संगीतकार. वादक मात्र तिथेही बिननावाचेच.

जेम्स जेमरसनचं बघ. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली बहुतेक गाजलेली गाणी त्याच्या बेस गिटारवर उभी आहेत. तिथल्याच गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमच्या वेष्टनावर वादकांची नावं आली ती १९७१ साली. कंपनी १९५९ ची! १९८३ मध्ये तिच्या पंचविसाव्या वर्षाचा सोहळा झाला, तेव्हा हा माणूस तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच वर्षी गेला. म्हणून सांगतो, नाव घे. गाणं कुणालाही लावता येतं.

आता माझं ऐक. आपल्या स्टेशनवर मला शनिवार मिळाला तेव्हा पहिली काही वर्षं मी नावं घेतली. मग वरून निरोप आला: बडबड कमी करा, प्लेज ड्राइव्हमध्ये, म्हणजे श्रोत्यांकडून देणग्या मागतो तेव्हा, फोन येत नाहीत. मी ऐकलं. आठवडाभर नोकरी, घरी दोन लहान मुली, भांडायला वेळ कुठे होता? तुला ही सबब वाटेल. आहेच. पण त्या जागी तू काय केलं असतंस, तेही सांग.

एकदा एका म्हाताऱ्याचा फोन आला. ‘आता वाजलं त्यात ऑर्गन माझ्या भावाचा होता,’ म्हणाला. मी ‘वा, धन्यवाद’ म्हणून फोन ठेवला आणि पुढची तबकडी लावली. भावाचं नाव विचारलं नाही. गाण्याला चाळीस सेकंद उरले होते, विचारता आलं असतं.

तेव्हा इतिहासात आधी स्थापना, मग उद्‌घाटनाचा फोटो, असलं काही नको. लॉगशीटपासून, म्हणजे काय वाजवलं त्याच्या नोंदींपासून, सुरुवात कर. माझ्या गॅरेजमध्ये तीन खोकी आहेत. सुरुवातीच्या कागदांवर ड्रमरसकट सगळे सापडतील. पुढे पुढे गायकाचं नाव आणि ‘वगैरे’. अक्षर माझंच आहे.

रविवारी ये, जेवायलाच ये. त्या ‘वगैरे’तले जितके शोधता येतील तितके शोधू. ऑर्गनवाल्याची तबकडी मी बाजूला काढून ठेवली आहे.

तुझा,
काका