शंभरातून सात दादांना कधी वजा करता येत होते?

"माझा दादा ४८ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. आई १४ महिन्यांपूर्वी गेली, तेव्हापासून तो माझ्याकडे असतो. पूर्वी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दोन पिशव्या दूध एकटा आणायचा. आता रिकाम्या हाताने परत येतो. जिन्याच्या वरच्या पायरीवर थबकतो, हात धरला तर ओरडतो. यंदा गणपतीत आरती संपली तरी झांज वाजवतच राहिला. दिवसातून दहादा 'आई कुठे?' विचारतो. अंत्ययात्रेच्या दिवशी त्याला शेजारी ठेवलं होतं, आई गावाला गेलीय असं सांगितलंय. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, 'यांचं असंच असतं.' मोठ्या हॉस्पिटलात तारीख विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले, ३० पैकी ४ गुण दिले आणि कागदावर 'तीव्र स्मृतिभ्रंश' लिहिलं. कुणाचं खरं मानू? मागच्या आठवड्यात माझा त्याच्यावर हात उठला. तेव्हापासून झोप नाही." — सांगलीची एक बहीण

ताई,

दोघांचंही मानू नका. शंभरातून सात वजा करायला दादांना कधी येत होतं? येतच नव्हतं ना? मग आज आलं नाही म्हणून त्यांचं काय हरवलं? ती चाचणी ज्यांची आकडेमोड, वाचन, तारीख-वार पूर्वी पक्कं होतं त्यांच्यासाठी बेतलेली आहे. दादा पंचविशीतही तिच्यात नापास झाले असते. आणि नेहमीच्या डॉक्टरांनी तर जन्मापासून जे नव्हतं आणि परवापासून जे गेलं, यातला फरकच पुसून टाकला. दूध आणणारा माणूस दूध आणेनासा झालाय. त्यांचं असं नव्हतं.

तुमची भीती निराधार नाही, हेही सांगायला हवं. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणारा अमायलॉइड नावाचा पदार्थ ज्या प्रथिनापासून तयार होतो, त्याचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत हे बदल दिसतात. लक्षणं मात्र सरासरी पन्नाशीच्या सुरुवातीला दिसू लागतात, काहींना बरीच उशिरा. म्हणून नुसत्या स्कॅनवरून निदान होत नाही. शिवाय सुरुवात विसरण्यापासूनच होते असंही नाही. बरेचदा आधी स्वभाव बदलतो: हट्ट वाढतो, आवडीच्या गोष्टीतला रस जातो, माणूस गप्प होतो. घरचे म्हणतात, लाडावलाय.

मग निदान कसं होतं? दादांची तुलना इतर कुणाशी करायची नाही, दादांच्याच मागच्या वर्षाशी करायची. हे डॉक्टरांना एकट्याने जमणार नाही, त्यांच्याकडे मागचं वर्ष नाही. ते तुमच्याकडे आहे. दोनशे पानी वही घ्या. आई गेली त्याच्या आधी दादा काय काय करत होते ते लिहा: शर्टाची बटणं, भाताचा घास, सुटे पैसे, कुणाचे वाढदिवस पाठ होते, संडासला स्वतः जात का. समोर आजची स्थिती आणि बदल साधारण कधी दिसला तो महिना. मोबाइलमध्ये जुन्या लग्नाचे, गणपतीचे व्हिडिओ असतील. चार वर्षांपूर्वीची आरती आणि यंदाची, दोन्ही दाखवा. ते दोन व्हिडिओ त्या चार गुणांपेक्षा जास्त सांगतील. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणा टिपणारी एनटीजी-ईडीएसडी नावाची एक मोफत प्रश्नावलीही आहे, अमेरिकेत तयार झालेली. ती घरच्या किंवा रोज सांभाळणाऱ्या माणसाने भरायची असते. तिने निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे काय मांडायचं ते कळतं. डाऊन सिंड्रोम असेल तर चाळिशीपासून दरवर्षी ती भरावी असा सल्ला आहे. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी, जे बरं होऊ शकतं ते शोधा. थायरॉइड आधी, डाऊन सिंड्रोममध्ये तो मंदावणं अगदी नेहमीचं आहे, आणि मंदावला की माणूस सुस्त, विसराळू दिसतो. त्याच रक्तात बी-१२. मग डोळे: मोतीबिंदू यांना लवकर होतो, आणि ज्याला पायरीची कड दिसत नाही तो वरच्या पायरीवर थबकणारच. कान: कानाची वाट अरुंद असते, मळ साचतो, मग हाक ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो लक्ष नाही. रात्री घोरताना श्वास मध्येच अडकतो का, हे एक रात्र जागून ऐका. ॲलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, म्हणून सगळी औषधं पिशवीत भरून न्या.

दोन गोष्टींना मात्र थांबू नका. चाल अचानक बिघडली, पाय लटपटू लागले किंवा कपड्यात लघवी होऊ लागली, तर मानेच्या वरच्या मणक्यांचा त्रास असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. सकाळी उठल्यावर हातपाय झटक्याने उडत असतील तर तेही लगेच सांगा. या वयात नव्याने फिट्स सुरू होणं हे स्मृतिभ्रंशासोबत येऊ शकतं.

आणि "आई कुठे?"

ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्या खुणांत मला हीच सर्वांत कमी काळजीची वाटते. तुम्ही सांगितलंत आई गावाला गेलीय. गावाला गेलेली माणसं परत येतात. चौदा महिने दादा तुमचं वाक्य लक्षात ठेवून बसलेत आणि ती अजून का येत नाही, एवढंच विचारतायत. यात स्मृती गेली असं कुठे दिसतं? दुःख मात्र दिसतं, आणि न सांगितलेल्या दुःखाने आलेलं नैराश्यही अगदी स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. डॉक्टरांना हे लपवू नका.

हात उठला ते वाचलं. एकटीने चौदा महिने काढलेत तुम्ही. दुपारचे दोन तास कुणीतरी दुसऱ्याने दादांजवळ बसलंच पाहिजे, घरात त्यावर चर्चा नको. आई कायदेशीर पालक होत्या का, तेही बघा. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट नावाचा कायदा आहे; त्याखालची जिल्ह्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे.

पण त्याआधी, या रविवारी, आईचा फोटो काढा. दादांना शेजारी बसवा आणि लहान वाक्यांत सांगा: आई आजारी होती. आई वारली. ती परत येणार नाही. तू माझ्याकडेच राहणार आहेस. "देवाघरी", "झोपली" असं काही नको. हार त्यांना घालू द्या. रडले तर रडू द्या, तुम्हीही रडा. हे एकदाच पुरणार नाही, पुढचे काही दिवस तेच शब्द, त्याच शांतपणे. इतकं नीट सांगून झाल्यावरही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यांनी विचारलं, तर ती तारीख वहीत लिहा. तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ वेगळा असेल.

थायरॉइडचा आणि डोळ्यांचा रिपोर्ट आला की मला कळवा.

— तुमची काकू