ॲप कॉन्टेस्ट हरल्यावर परीक्षकांकडे फीडबॅक मागावा का?

तू लिहिलंयस की कॉलेजच्या ॲप कॉन्टेस्टमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडलास, आयोजकांकडून फक्त 'सहभागाबद्दल धन्यवाद' एवढा मेल आला, आणि आता परीक्षकांना विचारलं तर रडका वाटशील अशी भीती वाटतेय. थर्ड इयरला आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. विचार, नक्की विचार, आणि याच आठवड्यात विचार, महिन्याभराने त्यांना तुझं ॲप आठवणार पण नाही.

मी पण इंदूरचाच, रामबागेतला. कॉलेजात असताना मी डब्यांचं ॲप केलं होतं. आमची काकू भंवरकुआकडे कोचिंगवाल्या पोरांना डबे देते, आणि रोज संध्याकाळी पाच-सहा जण ऐन वेळी फोन करायचे की काकू आज डबा नको, तोवर इकडे पोळ्या लाटून झालेल्या. म्हणून ॲप, चारच्या आत बटण दाबलं की त्या दिवसाचा डबा बंद आणि महिन्याच्या हिशोबातून तेवढे पैसे आपोआप वजा. चाळीस पोरं खरंच वापरत होती ते. कॉन्टेस्टला टाकलं तर पुढच्या फेरीच्या यादीत नावच नाही. जी पुढे गेली त्यातली काही तर एकही माणूस वापरत नव्हता, नुसत्या स्क्रीन छान होत्या. फार लागलं होतं मला ते.

त्याच रात्री मोठा मेल लिहिला, आमच्यात काय कमी होतं, त्यांच्यात काय जास्त होतं, मार्क कसे दिले, सगळं. उत्तर आलं नाही. आता कळतं की त्याला उत्तर देणं म्हणजे निकालाचा बचाव करणं, ते कोण कशाला करेल. दहा दिवसांनी एका परीक्षकांना परत लिहिलं, यावेळी एवढंच: 'सर, निकालाबद्दल काही म्हणणं नाही. माझं डब्याचं ॲप वापरताना तुम्ही कुठे अडकलात, तेवढं सांगाल का?' संध्याकाळी उत्तर आलं. त्यांना तपासायला जो टॅबलेट दिला होता त्यात सिमच नव्हतं, आणि अनोळखी ॲपमध्ये स्वतःचा नंबर ते टाकत नाहीत. म्हणजे ओटीपीच्या पुढे ते गेलेच नव्हते. डबा, हिशोब, काही पाहिलंच नव्हतं त्यांनी!

मग मी फायरबेस उघडलं, म्हणजे ॲपमध्ये कोण लॉगिन करतं याची नोंद ठेवणारी गूगलची सेवा. तपासणीच्या दोन दिवसांत नवीन युजर किती, तर शून्य. हे मला निकालाआधीच दिसलं असतं, मी बघितलंच नव्हतं. म्हणून मेल पाठवायच्या आधी तू पण तुझ्या ॲपचं कन्सोल, म्हणजे ही सगळी नोंद दिसते ते पान, उघड: त्या दिवसांत कोणी लॉगिन केलं का, कोणत्या स्क्रीनवरून बाहेर पडले, क्रॅश झालं का, झालं तर कोणत्या अँड्रॉइडवर. नोटिफिकेशन असतील तर अँड्रॉइड १३ पासून परवानगी वेगळी मागावी लागते, ती नाही मागितली तर तुझं रिमाइंडर परीक्षकाच्या फोनवर वाजलंच नसेल. आणि ओटीपी असेल तर फायरबेसमध्ये टेस्टिंगचा नंबर आणि ठरलेला कोड टाकून ठेवता येतो, मग एसएमएसची गरजच पडत नाही, परीक्षक तोच कोड टाकून आत जातो. प्ले स्टोअरवर लॉगिनवालं ॲप टाकताना गूगल पण रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी लॉगिनची माहिती मागतं, मग परीक्षकाला ती आपण स्वतःहून द्यायला नको का.

नंतर दोनदा मी स्वतः परीक्षक म्हणून बसलो, तेव्हा आतली बाजू पण सांगतो. तिघं जण, चाळीसच्या आसपास ॲप, एक दिवस. शीटमध्ये मार्कांचे रकाने आणि शेवटी शेऱ्याचा. सकाळी शेऱ्यात तीन ओळी लिहायचो, जेवणानंतर एक शब्द, पाचनंतर रकाना कोराच. म्हणजे पुष्कळदा लेखी फीडबॅक कुठे लपवून ठेवलेला नसतो रे, तो लिहिलेलाच नसतो, परीक्षकाच्या डोक्यात जेवढा उरलाय तेवढाच. आणि हे कॉलेजच्याच लेव्हलचं आहे असं नाही. २००८ मध्ये गूगलने अँड्रॉइड डेव्हलपर चॅलेंज घेतलं त्यात पहिल्या फेरीला १७८८ ॲप आली आणि निवडली ५०, तेव्हा अँड्रॉइडचा फोन बाजारात आलेलाही नव्हता, परीक्षकांनी लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, बघितली सगळी. बाकीच्या सतराशेंना कोण बसून लिहिणार होतं?

तर मेल पाच ओळींत बसव. सुरुवातीला ॲपचं नाव आणि एक स्क्रीनशॉट, म्हणजे त्यांना आठवेल. मग दोनच प्रश्न, कुठे अडकलात आणि पहिली दुरुस्ती कोणती करू. 'का हरलो' हा शब्द नको, दुसऱ्याच्या ॲपचं नाव तर अजिबात नको. सगळ्या परीक्षकांना एकच मेल ढकलू नकोस, प्रत्येकाला वेगळा पाठव, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल उत्तर. मी परीक्षक असताना मला असा एकच मेल आला होता, ग्वाल्हेरच्या एका मुलीचा, आणि मी तिला अर्धा तास फोनवर सांगत बसलो होतो, कारण तिने विचारलेलं मला खरंच सांगता येत होतं.

कोणाचंच उत्तर आलं नाही तर काकूंसारख्या कोणाच्या तरी हातात फोन दे आणि शेजारी गप्प बसून बघ, एक शब्द बोलायचा नाही. आणि मेल पाठवायच्या आधी मला दाखवलास तरी चालेल, रात्री जेवण झालं की बघतो.