टँकमधल्या माशांचे पांढरे ठिपके औषधाने गेले आणि आठवड्यात दुप्पट होऊन परत आले, आता औषध बदलू का?

नका बदलू. तुम्ही लिहिलंय की निऑन टेट्रा, मॉली आणि कोरीडोरासच्या टँकमध्ये पांढरे ठिपके दिसले, मॅलाकाइट ग्रीनवालं औषध टाकलं, तीन दिवसांत ठिपके गायब झाले म्हणून बंद केलं आणि आठवड्याभरात आधीपेक्षा जास्त आले, म्हणजे औषध फेल गेलं. फेल वगैरे काही गेलेलं नाही. ते ठिपके मुळात औषधाने गेलेच नव्हते, त्यांची वेळ झाली म्हणून ते आपोआप गळून पडले, आणि नेमकं ज्या दिवसांत औषधाची खरी गरज होती त्याच दिवसांत टँकमध्ये औषध नव्हतं.

हा जो परजीवी आहे, इक्थिओफ्थिरियस, ज्याला सगळे नुसतं इक किंवा व्हाइट स्पॉट म्हणतात, तो माशाच्या अंगावर बसत नाही, कातडीच्या आत घुसून बसतो. तुम्हाला जो मीठ भुरभुरल्यासारखा ठिपका दिसतो ना, त्यात तो गोल गोल फिरत माशाच्या पेशी खात असतो आणि वरून माशाचीच कातडी त्याला झाकून असते, त्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरून मोठा झाला (मोठा म्हणजे जेमतेम १ मिमी) की तो कातडी फोडून बाहेर येतो, खाली खड्यांना, पानांना, काचेला कुठेतरी चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार सुरू होतं, शेकड्यांनी पिल्लं होतात, कधी कधी हजाराच्या घरात. या कवचातही औषध शिरत नाही. मग कवच फुटतं, पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात आणि इथेच काय तो आपला चान्स, कारण औषध म्हणा मीठ म्हणा, ते मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती तशीही मरतातच.

म्हणून दिवस मोजायचे ते औषध टाकल्यापासून नाही तर शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून. २५-२६ डिग्रीला हे सगळं चक्र साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होतं, पाणी थंड असेल तर लांबतं, १० डिग्रीला तर महिनाभरसुद्धा चालतं. तुमच्या टँकचं तापमान तुम्ही लिहिलेलं नाही, पण २५ च्या आसपास धरलं तर शेवटचा ठिपका गेल्यावर अजून किमान एक आठवडा डोस चालू ठेवा, मी स्वतः दहा दिवस ठेवतो कारण कल्ल्यांच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. मासे मरतात ते बहुतेक वेळा त्या कल्ल्यांमुळेच. अंगावर पाचच ठिपके पण मासा वर येऊन तोंड उघडं टाकून भराभर श्वास घेतोय, तो मासा अंगभर ठिपके असलेल्या पण नीट खाणाऱ्या मॉलीपेक्षा जास्त धोक्यात असतो हे लक्षात ठेवा.

आता डोस. बाटलीवर इतक्या लिटरला इतके थेंब असं असतं आणि लोक टँक विकत घेताना सांगितलेले लिटर धरतात. मोजून बघा, लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंमीमध्ये, भागिले १०००. ६० बाय ३० चा टँक, पाणी २७ सेंमी, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लिटर येतात आणि त्यातून खडे, दगड, लाकूड यांची जागा वजा केली की चाळीसच्या जरा वर उरतात, म्हणजे सांगतात तितकं पाणी जवळपास कुठल्याच टँकमध्ये नसतं. हे महत्त्वाचं अशासाठी की निऑन आणि कोरीडोरास दोघांनाही मॅलाकाइट ग्रीन जड जातं, कोरीडोरासला नेहमीसारखे खवले नसतात, हाडासारख्या पट्ट्या असतात, आणि अशा माशांसाठी बऱ्याच बाटल्यांवर अर्धा डोस लिहिलेला असतो, तो पाळा. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर आधी काढा नाहीतर तुम्ही टाकणार आणि तो शोषून घेणार. यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) असेल तर तोही बंद. टँकची लाइटही कमी ठेवा, उजेडात हे औषध लवकर विघटतं. आणि हातमोजे घाला प्लीज, हे रसायन खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत बंद आहे ते काही उगाच नाही, शिवाय डाग जात नाही, टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं हिरवट निळं होतं ते वेगळंच.

पुढचा डोस टाकायच्या आधी प्रत्येक वेळी पाव टँक पाणी बदला आणि ते वरून मग्याने काढू नका, सायफनची नळी खड्यांमध्ये खुपसून तळातलंच ओढा कारण कवचं तिथेच आहेत. नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवा, तापमान जुळवून घ्या, एवढं तुम्ही करतच असाल.

हीटर हळूहळू २८ ला न्या, दिवसाला दोन डिग्रीपेक्षा जास्त नको. याने परजीवी मरत नाही, त्याचं चक्र फास्ट होतं, म्हणजे तो लवकर बाहेर पडतो आणि लवकर औषधाच्या तावडीत सापडतो. नुसतं ३० च्या वर ठेवून औषधाशिवाय बरं करणारेही आहेत आणि ते चालतंही बऱ्याचदा, पण निऑन आणि बऱ्याच कोरीडोरासना इतकं गरम पाणी दोन आठवडे म्हणजे शिक्षाच, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमध्ये आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर तर ३० ला साडेसात, त्यात कल्ले आधीच खराब झालेले. म्हणून एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, रात्रंदिवस, आवाज झाला तरी.

मीठ टाकू का असंही विचारलंय. फक्त मॉली असत्या तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं, त्यांना खारं पाणी मानवतं. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ इकवर खरंच काम करतं, पण तुमच्याकडे झाडं आहेत, ती नाजूक असतील तर गळतील, आणि औषध चालू असताना वरून मीठ असं दोन्ही एकत्र करू नका, एक काय ते निवडा. पुढेमागे कधी मिठाचा उपाय केलाच तर एक गोष्ट, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, म्हणून कमी झालेली पातळी नुसत्या साध्या पाण्याने भरायची आणि मीठ घालायचं ते फक्त बदललेल्या पाण्यापुरतं.

तुमच्या गोगलगायी वेगळ्या डब्यात काढून ठेवा. त्यांना इक होत नाही पण औषधांत तांबं असेल तर त्या मरतात, कोळंबीचंही तेच. दोन-तीन आठवडे खोलीच्या तापमानाला माशांशिवाय राहिल्या की शंखाला चिकटून काही आलं असेल तर तेही उपाशी संपलेलं असतं.

टँक रिकामा करून सगळं उकळत्या पाण्याने धुवायचा जो विचार आहे तो सोडून द्या. परजीवी माशांच्या अंगात आहे, मासे तर तुम्ही परत तिथेच सोडणार, आणि फिल्टरच्या स्पंजमधले चांगले बॅक्टेरिया मात्र मरतील, मग माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढेल आणि आजारी माशांना त्याहून वाईट काही नाही. औषधाने या बॅक्टेरियांना थोडा फटका बसतोच, त्यामुळे अमोनियाची टेस्ट किट असेल तर एक दिवसाआड बघत रहा आणि खाणं निम्म्यावर आणा.

अजून एक, डोस चालू करायच्या आधी रात्री लाइट बंद करून टॉर्च बाजूने तिरकी मारून मासे बघा. सुटे सुटे, मोजता येतील असे ठिपके म्हणजे इक. पण बारीक सोनेरी धूळ उडाल्यासारखं चमकत असेल तर तो वेल्व्हेट नावाचा दुसरा आजार, त्याचा परजीवी वेगळा, त्यात थोडं हरितद्रव्य असतं म्हणून टँक अंधारात ठेवायचा आणि औषध बहुधा तांब्याचं, ती केस असेल तर खाली फोटो टाका, तिथे तुमच्या निऑनसाठी डोस पुन्हा बघावा लागेल.

नवीन मासे इतक्यात आणू नका. शेवटच्या ठिपक्यानंतर महिना जाऊ द्या, आणि आणाल ते आधी वेगळ्या टबमध्ये तीन-चार आठवडे, त्यांची जाळी वेगळी, एकच जाळी असेल तर ती पूर्ण कडक वाळल्याशिवाय मोठ्या टँकमध्ये घालायची नाही.